मुडदूस बरा होत नाही तेव्हा फॉस्फरस बघा

मूल दीड वर्षाचं. चालायला लागलं आणि पाय फेंगडे दिसू लागले. उभं केलं की घोटे चिकटतात, पण गुडघ्यांमध्ये चार बोटांचं अंतर राहतं. मनगटं जाडसर वाटतात. एक्स-रे काढला, मुडदूस निघाला. व्हिटॅमिन डी तपासलं, तेही कमी निघालं. मग ६०,००० युनिटचे सॅशे सुरू झाले, जोडीला कॅल्शियमचं सिरप आलं. आजीने नाचणीची खीर आणि गच्चीवरचं सकाळचं ऊन लावून दिलं.

साध्या मुडदुसाला एवढं पुरतं. तीन महिन्यांच्या आत नव्या एक्स-रेत हाडाच्या टोकाशी पांढरी रेघ उमटते. तिथे चुना बसायला लागला, असा तिचा अर्थ. ही रेघ दिसली नाही, तर मुंबईत पुष्कळदा दुसरा कोर्स दिला जातो. त्यानेही काही झालं नाही तर ६ लाख युनिटचं इंजेक्शन. मग आणखी एक. त्यात दोन-तीन वर्षं निघून जातात आणि मूल बालवाडीत डुलत डुलत चालत जातं.

घोळ होतो तो व्हिटॅमिन डीच्या आकड्यामुळे. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या, उन्हात फारसं न खेळणाऱ्या मुलांपैकी अनेकांचं डी कमीच निघतं. त्याच बिल्डिंगमधल्या धडधाकट पोरांचं तपासलंत तरी तसंच दिसेल. त्यामुळे डी कमी आहे म्हणून मुडदूस त्याच्यामुळेच झाला, असं धरता येत नाही. कमी असलेलं डी भरून काढायचंच, पण एका पूर्ण कोर्सनंतर डी वर आलं आणि हाड मात्र सुधारलं नाही, तर दुसरा कोर्स लिहिण्याआधी फॉस्फरस बघायला हवा.

या मुलांमध्ये जे आजार निघतात त्यांत सगळ्यात जास्त आढळणारा आनुवंशिक आजार म्हणजे एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया (रक्तात फॉस्फरस कमी असण्याचा आजार), बोलण्यात एक्सएलएच. साधारण २०,००० जन्मांमागे एक, असं त्याचं प्रमाण धरतात. व्हिटॅमिन डीला दाद न देणारा मुडदूस अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइट यांनी १९३७ मध्येच नोंदवला होता. त्यामागचं जनुक १९९५ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं आणि त्याचं नाव फेक्स.

फॉस्फरस जातो कुठे

हाडाला टणकपणा येतो तो कॅल्शियम आणि फॉस्फेट (फॉस्फरसचं शरीरातलं रूप) मिळून बनणाऱ्या क्षारामुळे. आपण सगळे कॅल्शियमच्याच मागे असतो, कारण जाहिराती त्याच्याच असतात. पण फॉस्फेट नसेल तर नुसत्या कॅल्शियमने काहीही होत नाही.

फेक्स जनुकात बिघाड असला की हाडातल्या पेशी एफजीएफ २३ नावाचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सोडतात. या संप्रेरकाची दोन कामं आणि दोन्ही इथे अंगाशी येतात. मूत्रपिंडात लघवीतून फॉस्फेट परत रक्तात ओढून घेणारी वाहक प्रथिनं असतात. एफजीएफ २३ त्यांची संख्या कमी करतं, म्हणून फॉस्फेट लघवीतून वाहून जातं. दुसरं, मूत्रपिंड साध्या व्हिटॅमिन डीपासून त्याचं काम करणारं रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, बनवतं. एफजीएफ २३ तेही दाबून धरतं. कॅल्सिट्रायॉल कमी पडलं की आतड्यातून फॉस्फेट कमी शोषलं जातं. येणं कमी आणि जाणं जास्त. गच्चीवरच्या टाकीला तळाशी भोक असावं आणि वरचा नळही अर्धाच उघडावा, तसं. सॅशेतलं व्हिटॅमिन डी हा कच्चा माल आहे. तो पक्का करण्याची जागाच बंद असल्यामुळे कितीही ओतला तरी हाडापर्यंत पोचत नाही. उलट सहा-सहा लाखांच्या इंजेक्शनांनी रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला धोका होऊ शकतो.

हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, ग्रोथ प्लेट. उंची तिथे वाढते. या पट्टीतल्या पेशी फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी चुना बसतो. पेशींच्या या मरणालाही फॉस्फेट लागतं. ते मिळालं नाही की पेशी मरत नाहीत, पट्टी जाड होत जाते आणि हाडाचं टोक एक्स-रेत वाटीसारखं पसरट आणि कडेने विसविशीत दिसतं. गुडघ्याजवळची हाडं सगळ्यात भराभर वाढतात आणि चालायला लागल्यावर अंगाचा भारही तिथेच येतो. म्हणून पहिल्यांदा वाकतात ते पाय. रांगण्याच्या वयात आईला काहीच जाणवलेलं नसतं, ते यामुळेच.

एक खूण दवाखान्यात सहज लक्षात येते. डी किंवा कॅल्शियम कमी असलेल्या मुडदुसात मूल लुळं पडतं, उशिरा बसतं, कधी झटके येतात, कारण तिथे रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. एक्सएलएचमधलं मूल खेळकर असतं, स्नायूंत बऱ्यापैकी जोर असतो, कॅल्शियम नॉर्मल येतं. फक्त पाय वाकलेले आणि उंची मागे पडलेली.

रिपोर्ट कसा वाचायचा

निदान सगळ्यात जास्त वेळा निसटतं ते इथे. रिपोर्टवर फॉस्फरस २.९ लिहिलेलं असतं आणि शेजारी कंसात २.५ ते ४.५. आकडा जाड ठशात नाही, बाण नाही, म्हणून कोणी थांबत नाही. पण ती मर्यादा मोठ्या माणसाची आहे. १ ते ३ वर्षांच्या मुलात फॉस्फरस साधारण ३.८ ते ६.५ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असायला हवा, ४ ते ११ वर्षांत ३.७ ते ५.६. दोन वर्षांच्या मुलाचा २.९ हा चांगलाच कमी आहे. लॅब मुलाचं वय लिहून घेते, पण मर्यादा छापताना ते वापरतेच असं नाही. अल्कलाइन फॉस्फेटेजचं, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशींतून रक्तात येणाऱ्या द्रव्याचं, याच्या उलट होतं. मुलांची हाडं वाढत असल्यामुळे त्यांचा आकडा मोठ्यांपेक्षा तसाही जास्तच असतो. मोठ्यांच्या मर्यादेशी ताडून बघणारा एकतर उगाच घाबरतो, नाहीतर ‘मुलांचं असंच असतं’ म्हणून सोडून देतो. एक्सएलएचमध्ये तो मुलांच्या मर्यादेच्याही वर जातो. मात्र साध्या मुडदुसात कधीकधी हजाराच्या पुढे जातो, तितका बहुधा नाही.

पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक, तेही बघावं. साध्या मुडदुसात ते खूप वाढलेलं असतं, एक्सएलएचमध्ये नॉर्मल किंवा किंचित जास्त.

रक्त देताना घ्यायची काळजी कोणी फारशी सांगत नाही. खाल्ल्यावर, विशेषतः गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर, फॉस्फरस पेशींत शिरतो आणि आकडा खाली दिसतो. म्हणून नमुना सकाळी उपाशी पोटी द्यावा. दुसरी गडबड उलट्या बाजूची. रक्ताच्या पेशी फुटल्या किंवा नळी बराच वेळ तशीच राहिली, तर पेशींतला फॉस्फरस बाहेर येऊन आकडा फुगतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा पुढे आणखी चार घरं करून, जुलैच्या पावसात अंधेरीच्या सबवेशी अडकून दुपारी लॅबला पोचला, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मूल लॅबमध्येच न्यावं.

फॉस्फरस कमी आहे हे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो: तो पोटातून येत नाही, की लघवीतून जातो? त्यासाठी महागडी चाचणी लागत नाही. एकाच वेळी घेतलेलं रक्त आणि लघवी, दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन, असे चार आकडे पुरतात. लघवी सकाळची दुसरी घ्यावी, रात्रभर साठलेली पहिली नको. समजा रक्तात फॉस्फरस २.५ आणि क्रिएटिनिन ०.३, लघवीत फॉस्फरस ४० आणि क्रिएटिनिन २०. लघवीचा फॉस्फरस गुणिले रक्ताचं क्रिएटिनिन म्हणजे १२. रक्ताचा फॉस्फरस गुणिले लघवीचं क्रिएटिनिन म्हणजे ५०. १२ भागिले ५० म्हणजे ०.२४. म्हणजे मूत्रपिंडात गाळून आलेल्या फॉस्फेटपैकी २४ टक्के वाया गेलं, ७६ टक्के परत आलं. रक्तात एवढी टंचाई असताना निरोगी मूत्रपिंड जवळजवळ सगळंच परत ओढून घेतं. हे ०.७६ जेव्हा ०.८६ पेक्षा कमी असतं, तेव्हा त्याला रक्तातल्या फॉस्फरसने गुणायचं: १.९. याला डॉक्टर टीएमपी-जीएफआर म्हणतात. मुलांत तो साडेतीनच्या वर हवा. गळती मूत्रपिंडात आहे, हे इथे नक्की होतं.

गळतीची कारणंही एकापेक्षा जास्त आहेत. लघवीत साखर किंवा ॲमिनो आम्लं जात असतील, रक्तातलं बायकार्बोनेट कमी असेल, तर तो मूत्रपिंडाच्या नलिकांचा वेगळा आजार आणि त्याचा उपचारही वेगळा. हे सगळं नॉर्मल असेल तर फेक्सची जनुकीय चाचणी करतात. तीत काही सापडलं नाही तरी लगेच हात झटकू नयेत. जनुकाचा मोठा तुकडाच गायब असेल तर नेहमीच्या वाचनात तो निसटू शकतो आणि त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी तपासणी मागावी लागते.

परळला वाडिया हे मुलांचं रुग्णालय आहे आणि जवळच केईएम. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात केईएमला उत्कृष्टता केंद्राचा दर्जा आहे. जाताना सगळे जुने एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्यावेत. व्हिटॅमिन डीचे किती डोस, कधी दिले, याची यादी न्यावी. आणि आईवडील दोघांनीही जावं, कारण तपासणारा त्यांचेही गुडघे बघणार आहे.

औषध सोपं, वेळापत्रक अवघड

पारंपरिक उपचारात दोन औषधं असतात: फॉस्फेट आणि कॅल्सिट्रायॉल. मुलांना फॉस्फरस दर किलो वजनामागे रोज २० ते ६० मिलिग्रॅम लागतो, तोही चार ते सहा वेळांत विभागून. कॅल्सिट्रायॉल दर किलोमागे रोज २० ते ३० नॅनोग्रॅम. नेमका डोस डॉक्टर ठरवतील, पण हिशेब घरच्यांना यायला हवा, कारण दर काही महिन्यांनी वजन वाढतं आणि डोस बदलतो.

१२ किलोच्या मुलाला दर किलोमागे ४० धरले तर दिवसाला ४८० मिलिग्रॅम फॉस्फरस. फॉस्फेटचं जे पातळ औषध, म्हणजे जूलीचं द्रावण, देतात त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. म्हणजे १६ मिलिलिटर, चार वेळा चार-चार. चमच्याने नाही, खुणा असलेल्या सिरिंजने. पण आधी बाटलीवर प्रति मिलिलिटर किती फॉस्फरस ते वाचा. काही ठिकाणी क्षाराचं वजन लिहितात, काही ठिकाणी त्यातल्या निव्वळ फॉस्फरसचं. दुकान बदललं आणि तेच मिलिलिटर चालू ठेवले, तर मुलाला कमी तरी पडतं नाहीतर जास्त तरी होतं.

चार वेळा का? कारण फॉस्फेट दिल्यावर रक्तातली पातळी दीड-दोन तासांत वर जाते आणि लगेच उतरू लागते. गळती चालूच असते. सकाळ-संध्याकाळ मोठा डोस दिला तर मधले तास कोरडे जातात आणि वर जुलाब होतात. पोट बिघडणं ही या औषधाची नेहमीची तक्रार आहे. म्हणून थोड्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ण डोसवर आणतात. शाळेतला डोस सगळ्यात जास्त चुकतो. डब्याबरोबर भरलेली सिरिंज आणि बाईंना दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी, याने बरंचसं निभावतं. झोपण्याआधीचा डोस कधीही सोडू नये.

दुधाबरोबर फॉस्फेट देऊ नका. चव लपवायला आया नेमक्या दुधातच घालतात. दुधातलं कॅल्शियम फॉस्फेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. तासभर तरी अंतर हवं. लिंबाच्या सरबतातून चालेल. कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच. आणि केमिस्टकडे इथेच मोठी चूक होते. कॅल्सिट्रायॉल म्हणून जी कॅप्सूल सहज पुढे केली जाते, तिच्यात बहुतेकदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि झिंकही असतं. मुलाला हवी ती नुसती कॅल्सिट्रायॉलची, ०.२५ मायक्रोग्रॅमची. १२ किलोच्या मुलाला दिवसाला अशी एक, म्हणजे दर किलोमागे जवळपास २१ नॅनोग्रॅम होतात. पाकिटावर कॅल्शियमचं नाव दिसलं तर परत करा. आणि ‘हेही डीच आहे’ म्हणून त्याऐवजी ६०,००० चा सॅशे देऊ केला, तर तोही घेऊ नका.

दोन्ही औषधं बरोबरच लागतात. नुसतं फॉस्फेट दिलं तर पीटीएच चढतं आणि पीटीएचमुळे लघवीतून फॉस्फेट आणखी जातं. नुसतं कॅल्सिट्रायॉल वाढवलं तर लघवीत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडात चुना साठतो. म्हणून दर तीन महिन्यांनी कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच आणि लघवीतलं कॅल्शियम, आणि वर्ष-दोन वर्षांतून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी. उपाशी पोटीचा फॉस्फरस नॉर्मल करायच्या मागे लागू नये. या उपचाराने तो होत नाही आणि हट्टाने डोस चढवत नेला की वर सांगितलेले दुष्परिणाम होतात. उपचार लागू पडतोय का, ते अल्कलाइन फॉस्फेटेज उतरण्यावरून, एक्स-रेवरून आणि उंचीच्या तक्त्यावरून कळतं.

मूल एखाद्या ऑपरेशननंतर किंवा प्लास्टरमध्ये आठवड्याहून जास्त झोपून राहणार असेल, तर आधी एंडोक्राइनच्या, म्हणजे संप्रेरकांच्या, डॉक्टरांना कळवा. हालचाल थांबली की हाडातून कॅल्शियम सुटतं आणि वर कॅल्सिट्रायॉल चालू राहिलं तर ते मूत्रपिंडावर येतं. तेवढ्या काळात ते बंद ठेवतात.

२०१८ मध्ये बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालं. ते एफजीएफ २३ लाच पकडून निकामी करतं. म्हणजे गळतीच कमी होते आणि शरीर स्वतःचं कॅल्सिट्रायॉलही पुन्हा बनवू लागतं. मुलांना दर किलोमागे ०.८ मिलिग्रॅमपासून, दर दोन आठवड्यांनी, कातडीखाली. सुरू करण्याआधी आठवडाभर फॉस्फेट आणि कॅल्सिट्रायॉल बंद करावं लागतं. १ ते १२ वर्षांच्या ६१ मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या उपचारापेक्षा याने हाडं जास्त चांगली भरली. अडचण किमतीची आहे, आणि बहुतेक घरांना ती झेपणारी नाही.

ऑपरेशनची घाई

वाकलेला पाय दिसला की सरळ करून टाकावा असं वाटणं साहजिक आहे. पण आत हाड मऊच असेल तर सरळ केलेला पाय पुन्हा वाकतो. निदान वर्षभर औषध नीट झाल्यावरच ऑपरेशनचा विचार करावा. बऱ्याच मुलांत तोवर बाक आपोआप कमी झालेला असतो. उरलाच तर वाढीची दोन-तीन वर्षं हातात असताना ग्रोथ प्लेटच्या एका बाजूला छोटी पट्टी आणि दोन स्क्रू लावतात. ती बाजू थांबते, दुसरी वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. हाड कापून सरळ करायचं मोठं ऑपरेशन शक्यतो वाढ संपेपर्यंत थांबवतात.

दातांकडे लक्ष द्या. न किडलेल्या दाताच्या मुळाशी गळू होणं ही या आजाराची खास खूण आहे. दाताचा आतला थर नीट भरलेला नसतो, मधली पोकळी मोठी असते आणि वरच्या कवचाच्या बारीक भेगांतून जंतू आत जातात. कीड दिसत नाही म्हणून डेंटिस्ट बुचकळ्यात पडतो. त्याला आजाराचं नाव सांगा, आणि वर्षातून दोनदा तरी तपासणी करून घ्या.

मोठ्या माणसात

वाढ संपली तरी आजार संपत नाही. मांडीत दुखतं, लोकलमध्ये उभं राहवत नाही, एक्स-रेत हाडाला आडवी अर्धवट चीर दिसते. पाठ आणि टाचा आखडतात, कारण स्नायुबंध जिथे हाडाला जुळतात तिथे नको तो चुना साठतो. आणि गंमत म्हणजे मणक्याचा डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी, नॉर्मल किंवा चक्क जास्त येऊ शकतो. त्यामुळे डेक्साचा आकडा बघून कोणी ‘हाडं मजबूत आहेत’ म्हटलं तर मानू नका. उलट टोकाची चूक म्हणजे चीर बघून ठिसूळ हाडांचं औषध, बिस्फॉस्फोनेट, सुरू करणं. हाडात मुळात क्षार भरलेलाच नाही, आणि हे औषध नवा क्षार बसण्यातच आणखी अडथळा आणू शकतं. अशा रुग्णाचं आधी फॉस्फरस बघावं. मोठेपणी पहिल्यांदाच फॉस्फरस घसरलेला असेल तर कारण वेगळं असू शकतं. एफजीएफ २३ सोडणारी छोटी गाठ असते. किंवा रक्तवाढीसाठी शिरेतून दिलेली लोहाची काही इंजेक्शनं, विशेषतः फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, हेच घडवू शकतात.

घरातली बाकीची माणसं

जनुक एक्स गुणसूत्रावर आणि एकच बिघडलेली प्रत पुरेशी. म्हणून वडिलांना आजार असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलीला तो येतो आणि मुलग्याला एकालाही येत नाही. आईला असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. साधारण पाचात एका रुग्णाच्या घरात आधी कोणालाच नसतो, बिघाड नव्यानेच झालेला असतो. सासरी ‘तुमच्याकडूनच आलं’ म्हणून आईला बोल लावण्याआधी हे माहीत असलेलं बरं. आणि वडील ठेंगणे, वाकल्या पायांचे असून त्यांना आजवर कोणी तपासलंच नाही, असंही निघतं.

आजार असलेल्या आईवडिलांचं दुसरं बाळ येणार असेल तर पाय वाकायची वाट बघू नये. जन्मानंतर पहिले तीन-चार महिने बाळाचा फॉस्फरस नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे एका चांगल्या रिपोर्टवर निर्धास्त होता येत नाही. कुटुंबातला बिघाड आधीच माहीत असेल तर नाळेतल्या रक्तावरही जनुकीय चाचणी होते. नसेल तर दर महिन्या-दोन महिन्यांनी फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज बघत राहावं आणि आकडे हलू लागले की औषध सुरू करावं. चालायला लागण्याआधी उपचार मिळालेल्या मुलांची उंची, उशिरा निदान झालेल्या त्यांच्याच भावंडांपेक्षा चांगली राहते.